नाक खाली, हट्ट सोडून

एकाच इंजिनाचं छोटं विमान हवेत असताना ते इंजिन बंद पडलं की विमान सरळ खाली कोसळतं, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. सेस्ना १७२ चंच घ्या. फ्लाइंग स्कूलच्या मैदानावर हमखास दिसणारं हे चार सीटचं, डोक्यावर पंख असलेलं विमान. मधली दहाएक वर्षं सोडली तर १९५६ पासून ते बनतंय आणि आजवर ४४,००० च्या वर बनलंय. दुसऱ्या कुठल्याही विमानाला हा आकडा गाठता आलेला नाही. त्याचं इंजिन गेलं, तर ते घाटात न्यूट्रलवर टाकलेल्या गाडीसारखं उतरत राहतं. वेग ६८ नॉट, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास ठेवला, तर हजार फूट उंची खर्च करून सुमारे पावणेतीन किलोमीटर अंतर कापता येतं. तीन हजार फुटांवर असाल तर हाताशी आठ किलोमीटरचा पल्ला आणि जेमतेम चार मिनिटं असतात.

ही चार मिनिटं वापरायला शिकवणं हा फ्लाइंग स्कूलमधला सर्वांत कठीण धडा. यात यंत्राची अडचण कमी आणि माणसाची जास्त असते. जमीन जवळ येताना दिसली की कुणाचाही हात योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, स्वतःकडे ओढतो. नाक वर केलं की आपण वर राहू, असं शरीराला वाटतं. प्रत्यक्षात नाक वर केलं की वेग पडतो. वेग एका मर्यादेखाली गेला की पंखावरून वाहणारी हवा विस्कटते आणि पंख विमानाला पेलू शकत नाही. याला स्टॉल म्हणतात. त्यामुळे इंजिन गेल्याबरोबर करायचं पहिलं काम म्हणजे नाक खाली. ज्या जमिनीची भीती वाटते, तिच्याकडेच तोंड करायचं.

बारामती, इंदापूरकडच्या आकाशात हा धडा कसा होतो ते पाहा. ट्रेनी निवांतपणे उंची आणि दिशा राखत चाललेला असतो. इन्स्ट्रक्टर काही न बोलता हात पुढे करतो आणि थ्रॉटल मागे ओढतो. आवाज एकदम बसतो.

“इंजिन गेलं. कुठे उतरणार?”

“सर, बारामती…”

“बारामती पोचत नाही. खाली बघ.”

इंजिन खरोखर बंद करत नाहीत. ते आयडलवर मंद फिरत राहतं, म्हणजे सराव जमिनीपासून काही शे फुटांवर थांबवून पुन्हा वर जाता येतं. पण ट्रेनीने वागायचं ते इंजिन संपलं आहे असं धरूनच.

खाली बघायलाही शिकावं लागतं. ऊस वरून हिरवागार, सपाट दिसतो. प्रत्यक्षात तो दहा-बारा फूट उंच असतो. काढणी झालेलं ज्वारीचं रान बरं. नांगरलेलं असेल तर तासांच्या दिशेने उतरायचं, आडवं गेलात तर पुढचं चाक तासात रुतून विमान उलटायची भीती. विजेच्या तारा वरून दिसतच नाहीत, म्हणून खांब शोधायचे आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरून चालायचं. बिनकठड्याची विहीर तर शेवटच्या क्षणी कळते. गोंदियाकडे शिकणाऱ्यांपुढे वेगळाच पेच असतो. तिथे धानाच्या बांध्या लहान आणि प्रत्येकीला बांध. सरळ लांब रस्ता फार मोहात पाडतो, पण त्यावर वाहनं असतात, कडेला झाडं आणि तारा असतात. वाऱ्याची दिशा कळायला कुठे पाचट जाळल्याचा धूर किंवा कारखान्याच्या चिमणीचा धूर दिसला तर उत्तम, कारण उतरायचं ते वाऱ्याला तोंड देऊन.

वाऱ्याबद्दलचा हा आग्रह उगाच नाही. वाऱ्याला तोंड दिलं की जमिनीच्या मानाने वेग कमी होतो आणि आदळण्याची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या उड्डाण पुस्तिकेत याचा हिशेब दिला आहे. माणसाला सोसवेल अशा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट धक्क्यात ताशी ८० किलोमीटरवरून थांबायला तीन मीटरही लागत नाहीत. वेग दुप्पट असेल तर साडेअकरा मीटर लागतात. विमान जमिनीला टेकताना आपल्या ताब्यात आणि शक्य तितकं सावकाश असेल, तर पंख तुटले, चाकं गेली तरी आतली माणसं चालत बाहेर येऊ शकतात.

शेत ठरलं की हात फिरू लागतो, तोही ठरलेल्या वाटेनं. सेस्नामध्ये ही वाट दोन सीटच्या मधल्या जमिनीपासून सुरू होते. इंधनाचा खटका ‘दोन्ही टाक्या’वर आहे ना, बंद करायचा नॉब आत दाबलेला आहे ना, मग वर येऊन लाल रंगाचा मिक्श्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाचा) नॉब पूर्ण पुढे, जादा पंप चालू, आणि शेवटी डावीकडच्या किल्लीवर मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे) दोन्ही. हे सगळं चेकलिस्टचं कार्ड बघून नव्हे, पाठ असावं लागतं. हा सगळा खटाटोप इंधनाभोवती का फिरतो, ते उघड आहे. बंद पडलेल्या इंजिनांपैकी बऱ्याच ठिकाणी बिघाड नसतोच. एक टाकी रिकामी झालेली असते आणि दुसरी भरलेली. म्हणूनच चांगला इन्स्ट्रक्टर उड्डाणाआधी पंखावर चढून टाकीत मोजकाठी बुडवायला लावतो आणि काट्यावर विश्वास ठेवू देत नाही. इंजिन पुन्हा सुरू झालं नाही, तर उतरण्याआधी तेच खटके उलटे: इंधन बंद, मॅग्नेटो बंद, मास्टर (विजेचा मुख्य खटका) बंद, आणि दाराची कडी उघडी. सांगाडा वाकला तर दार अडकू नये म्हणून.

संकट मुद्दाम ओढवून घेऊन शिकवायचं, ही पद्धत पहिल्या महायुद्धातली आहे. तोवर इन्स्ट्रक्टर धोक्याच्या हालचाली टाळत आणि ट्रेनीलाही टाळायला सांगत. रॉबर्ट स्मिथ-बॅरी हा ब्रिटिश अधिकारी स्वतः १९१४ मध्ये विमान अपघातात पाय मोडून घेऊन बसला होता. पुढे फ्रान्सच्या आघाडीवर अर्धवट शिकलेली पोरं येताना पाहून तो वरिष्ठांच्या मागेच लागला. १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या गॉस्पोर्ट इथे त्याने दुहेरी कंट्रोलच्या अॅव्ह्रो ५०४ विमानांवर नवी शाळा उभी केली. तिथे ट्रेनीला स्टॉलमध्ये आणि स्पिनमध्ये, म्हणजे स्टॉल होऊन गरगरत खाली जाण्यात, मुद्दाम नेत आणि बाहेर काढायला लावत. इंजिनाच्या गोंगाटात बोलता यावं म्हणून इन्स्ट्रक्टरच्या तोंडापासून ट्रेनीच्या कानापर्यंत एक रबरी नळी असे. ‘गॉस्पोर्ट ट्यूब’ हे नाव तिला तिथूनच मिळालं. फ्लाइंग क्लबांच्या जमान्यातल्या मॉथ विमानांतही ही नळी होती. १९२८ मध्ये मुंबई फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जेआरडी टाटांच्या हाती भारतातलं पहिलं वैमानिक लायसन्स पडलं, तो हाच काळ.

विल्फ्रेड पार्क या वैमानिकाची कथा त्याही आधीची आणि मला या विषयात सर्वांत बोलकी वाटणारी. ऑगस्ट १९१२ मध्ये इंग्लंडमधल्या सॅलिसबरीच्या माळावर त्याचं विमान स्पिनमध्ये गेलं. तोवर स्पिन म्हणजे मरणच मानत. योक ओढून काही होत नाही हे पाहून त्याने रडर (शेपटीचं सुकाणू) उलट्या बाजूला दाबला आणि विमान जमिनीजवळ सावरलं. ही युक्ती त्याने लोकांना तपशीलवार सांगितली. त्याच वर्षी डिसेंबरात वेंबलीजवळ त्याच्या दुसऱ्या एका विमानाचं इंजिन पुरती ताकद देईना. उंची कमी होती, तरी त्याने परत फिरायचा प्रयत्न केला. विमान पडलं, तो आणि त्याचा सहप्रवासी दोघेही गेले. स्पिनमधून सुटलेला माणूस मागच्या धावपट्टीच्या ओढीतून सुटला नाही.

टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर समोर, फार तर थोडं डावं-उजवं उतरायचं, मागे फिरायचं नाही, हे पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकट्याने करायच्या उड्डाणाच्या, आधीच ट्रेनीच्या डोक्यात ठोकून बसवतात. कारण वळताना विमान कलतं आणि कललं की स्टॉलचा वेग वाढतो: ४५ अंशांवर सुमारे १९ टक्के, ६० अंशांवर ४१ टक्के. शिवाय १८० अंशांत भागत नाही, धावपट्टीच्या रेषेवर येण्यासाठी त्याहून जास्त वळावं लागतं. तरीही माणसं वळतात. त्यातही पूर्ण बंद पडलेलं इंजिन त्या मानाने बरं, अर्धवट चालणारं वाईट. ऑस्ट्रेलियाच्या एटीएसबी या अपघात तपास संस्थेने २००० ते २०१० या काळातल्या नोंदी तपासल्या. टेकऑफनंतर इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या ७५ घटना होत्या. त्यांत प्राणहानी एकाही घटनेत नव्हती. ताकद अर्धवट गेल्याच्या २४२ घटना होत्या आणि त्यांतल्या ९ जीवघेण्या ठरल्या. इंजिन गेलंच म्हटल्यावर माणूस समोर उतरतो. धडधडत का होईना चालू आहे म्हटलं, की त्याला परतीची आशा सुटत नाही.

एफएएच्या पुस्तिकेत आणीबाणीतले मनाचे तीन अडथळे नमूद केले आहेत: झालंय ते मान्यच न करणं, विमान वाचवायचा मोह, आणि आपल्याला लागेल याची अवास्तव धास्ती. वैमानिकांमध्ये एक जुनं बोलणं आहे की इंजिन गेलं त्या क्षणापासून विमान विमा कंपनीचं झालं. विनोद असला तरी धडा म्हणून तो पुस्तकातल्या पानभर मजकुरापेक्षा उपयोगी आहे.

सिरस या अमेरिकी कंपनीने तर हा प्रश्न यंत्रानेच सोडवायचं ठरवलं. १९९८ मध्ये मान्यता मिळालेल्या त्यांच्या एसआर२० मध्ये छताला एक लाल मूठ आहे. ती ओढली की रॉकेटने पॅराशूट उघडतं आणि आख्खं विमान त्याला लटकून खाली येतं. आता अपघाती मृत्यू थांबतील असं वाटलं होतं. सुरुवातीची काही वर्षं तसं झालं नाही, कारण मूठ ओढायची वेळ यायची तेव्हा वैमानिक विमान उडवून वाचवायच्या खटपटीत असायचे. मग कंपनी आणि विमानमालकांची संघटना यांनी प्रशिक्षण बदललं. प्रत्येक टेकऑफला ‘या उंचीवर मूठ’ असं मोठ्यानं म्हणायचं, सिम्युलेटरमध्ये ती ओढून सराव करायचा. तेव्हा कुठे मृत्यू घटले. यंत्र होतं तेच राहिलं होतं.

ढगांचा धडाही याच जातीचा. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात, उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवलं. विमान हाताबाहेर जायला सरासरी १७८ सेकंद लागली. त्यांना मग जे शिकवलं ते अगदी साधं होतं: उपकरणांवर नजर ठेवून सावकाश १८० अंश वळायचं आणि आलो त्या स्वच्छ हवेत परत जायचं. पुढे ढग दिसताहेत, मुक्काम अर्ध्या तासावर आहे, तिथेच मागे फिरायचं.

आपल्याकडे व्यावसायिक लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं. बहुतेक ट्रेनींचं लक्ष एअरलाइनकडे असतं आणि तिथे दोन इंजिनं असतात. त्यामुळे शेतात उतरायचा सराव ही परीक्षेपुरती औपचारिकता आहे आणि खरं काम म्हणजे ‘तास भरणं’, अशी हवा काही ठिकाणी असते. मला हा विचार चुकीचा वाटतो. २००९ मध्ये हडसन नदीत १५५ माणसांसह उतरलेल्या एअरबसची दोन्ही इंजिनं पक्ष्यांनी निकामी केली होती आणि कॅप्टन सलेनबर्गर यांनी परतीची धावपट्टी सोडायचा निर्णय वेळेत घेतला. आणि इतक्या लांब जायचंही कारण नाही. जुलै २०२२ मध्ये बारामतीहून सोलोवर निघालेलं एक प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शिवारात पडलं. उडवणारी प्रशिक्षणार्थी किरकोळ जखमांवर बचावली.

मुलाला किंवा मुलीला पायलट करायचं म्हणून पालक फ्लाइंग स्कूलची फी विचारतात, विमानं किती आहेत, २०० तास किती महिन्यांत होतील हे विचारतात. त्याच्या जोडीला तिथल्या ट्रेनींना गाठून एवढं जरूर विचारा: सरांनी न सांगता थ्रॉटल मागे शेवटचं कधी ओढलं होतं? उत्तर द्यायला बराच वेळ लागला, तर दुसरी शाळा बघा.