आधी दिवे सांगा

सकाळी 6.30

रात्री मृगाचा पाऊस झाला, विजा कडाडल्या, की सकाळचा पहिला फोन काय असणार हे ठरलेलं असतं. "दादा, नेट चालंना." मिरजगावची बाजारपेठ नगर–सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली, मागे गावठाण आणि चहूकडे वस्त्या. फोन दुकानातून येवो नाहीतर रानातल्या वस्तीवरून, शब्द तेच.

पण या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. फायबरच्या तारेतून घरापर्यंत प्रकाश येत नाही, ही एक. घरातल्या डब्याला, म्हणजे राउटरला, वीज मिळत नाही, ही दुसरी. प्रकाश आणि वीज दोन्ही ठीक, पण वायफाय माणसापर्यंत पोचत नाही, ही तिसरी. तिन्हींचा इलाज वेगळा आणि हत्यारंही वेगळी. म्हणून गाडीला किल्ली लावण्याआधी मी एकच विचारतो, "मावशी, डब्यावर कोणकोणते दिवे लागलेत?"

"एक हिरवा हाय, अन् एक लाल मिचमिच करतोय."

लाल मिचमिचणारा दिवा म्हणजे 'लॉस'. प्रकाशच येत नाही, किंवा इतका कमी येतो की डब्याला तो वाचता येत नाही. इथं फोनवर काही होणार नाही, जावंच लागणार. एकही दिवा नसेल तर अडॅप्टर किंवा बोर्ड बघायचा. 'पॉन' हिरवा मिचमिचत राहिला तर प्रकाश पोचतोय, पण मुख्य यंत्रानं अजून डबा ओळखलेला नाही. पॉन स्थिर आणि 'इंटरनेट' लाल असेल तर लाईन उत्तम आहे, घोटाळा युजरनेम-पासवर्डात किंवा संपलेल्या रिचार्जमध्ये. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे दिवे समजावून सांगतो. त्याला दहा मिनिटं जातात, पण तीच पुढं दोघांचे हेलपाटे वाचवतात.

आणि एक विनंती प्रत्येक फोनवर करतो: डब्यामागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. ते रिसेट आहे. त्यानं डबा चालू होत नाही, त्यात भरलेलं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीएलएएन मात्र पुसून जातं. तुटलेली लाईन तुटलेलीच राहते आणि वर सगळं सेटिंग नव्यानं भरावं लागतं.

7.30

मुख्य यंत्र, म्हणजे ओएलटी, जिथं आहे त्या खोलीत आधी बॅटऱ्या बघायच्या, मग पंखा, मग लॅपटॉपवर यादी. ओएलटीच्या एका पोर्टमधून निघालेली एकच फायबर वाटेत स्प्लिटरनी फाकत जाते आणि आमच्याकडे 64 घरांपर्यंत पोचते. जाताना प्रकाश 1490 नॅनोमीटरचा, येताना 1310 चा. त्यामुळे एकाच तारेतून दोन्ही बाजूंची वाहतूक एकमेकांना न अडवता चालते.

यादीत बंद दिसणारी घरं दोन प्रकारची असतात. डब्याची वीज गेली की विझण्याआधी तो उरल्यासुरल्या विजेवर एक शेवटचा निरोप ओएलटीला धाडतो. त्याला 'डाइंग गॅस्प' म्हणतात. तो निरोप नोंदलेला असेल तर तिथं लाईट गेली आहे किंवा कुणी बटण बंद केलंय. निरोपाशिवाय डबा गायब झाला असेल तर बहुतेक वेळा फायबर तुटली आहे. आज एका बाजूच्या घरांनी एकदमच निरोप धाडलाय. म्हणजे तिथली डीपी गेली असणार. त्यांना फोन करून सांगितलं, "लाईट आली की नेट येईल, आमच्याकडून काही बिघाड नाही." उरल्या त्या मिचमिचत्या लाल दिव्याच्या मावशी.

9.00

वस्तीवर पोचलो की कशालाही हात लावण्याआधी प्रकाश मोजायचा मीटर. खांबावरच्या पेटीत मायनस 21. घरात डब्यापाशी मायनस 31.

हिशेब सोपा आहे. ओएलटीतून निघताना प्रकाश साधारण प्लस 3 डीबीएम असतो. दर 3 डेसिबलला तो निम्मा होतो. आठ वाटे करणारा स्प्लिटर साडेदहा डेसिबल खातो, असे दोन ओलांडले की 21 गेले. काही किलोमीटरची काच आणि दोन-चार जोड मिळून आणखी दोन-तीन. म्हणजे घरी मायनस 20 ते 22 मिळायला हवेत. मायनस 27 च्या खाली गेलं की डबा आंधळा. इथं खांबापासून घरापर्यंतच 10 डेसिबल गळाले, म्हणजे प्रकाशाचा दहावा हिस्साच आत पोचतोय. दोनशे मीटर काच एवढं खात नाही, तिला डेसिबलचा दहावा भागही पुष्कळ. तेव्हा कुठंतरी दुमड आहे किंवा दाब.

लाल लेझरची पेन डब्याच्या बाजूनं लावली आणि घरातून तारेच्या मागे निघालो. बाहेरच्या ड्रॉप केबलच्या काळ्या कवचातून काही दिसत नाही, तिथं हातानं चाचपत जावं लागतं. पण आतली पिवळी पॅचकॉर्ड बोलते. भिंतीला सरकवलेल्या कपाटामागे ती दुमडून दबली होती आणि दुमडीवर लाल ठिपका लखलखत होता. प्रकाश तिथून बाहेर सांडत होता. लग्नाच्या पाहुण्यांसाठी कपाट हललं, तेव्हापासून रोज थोडी थोडी दबत आली असणार.

नवी पॅचकॉर्ड लावली, मायनस 22. मावशींना सांगितलं, "हातातल्या बांगडीपेक्षा लहान वेटोळं करू नका, अन् कपाट चार बोटं पुढं राहू द्या." त्यांनी लगेच मुलाला हाक मारून कपाट पुढं ओढायला लावलं.

11.00

गावठाणात नवं कनेक्शन. घरातली मुलगी दहावी पास झालीय. अकरावीचे प्रवेश 2025–26 पासून राज्यभर ऑनलाइन झाल्यानं पसंतीक्रम भरायला घरात नेट हवं, असा तिचा हट्ट. योग्य हट्ट आहे. मोबाइलच्या रेंजवर फॉर्म अर्ध्यात अडकला की मुलं रडकुंडीला येतात.

ड्रॉप केबल विजेच्या तारांपासून लांब ठेवून आणली. तिच्यात आधारासाठी पोलादी तार असते. ती बाहेरच्या हुकावरच संपवायची, घरात आणायची नाही. काच वीज वाहत नाही, पोलाद वाहतं. मृगात विजा पडणाऱ्या मुलखात हा नियम मोडायचा नाही.

मग जोड. हे काम मला मनापासून आवडतं. वारा नको म्हणून ओट्यावर न बसता आत खोलीत मशीन मांडलं. कवच सोललं, रंगीत लेप काढला, उरली ती 125 मायक्रॉनची काच, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. तिच्याही पोटात प्रकाश धावतो तो गाभा फक्त 9 मायक्रॉनचा. त्या आधी बारीक नळी, म्हणजे स्लीव्ह, एका टोकात ओवून ठेवायची. अल्कोहोलनं भिजवलेल्या कापडानं काच पुसली की चिर्र असा बारीक आवाज येतो. तो आला की स्वच्छ झाली. क्लीव्हरमध्ये ठेवून सरळ कापली. दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर आली, पडद्यावर दोन जाड दांडे दिसले, मशीननं ते आपसूक एका रेषेत आणले, ठिणगी पडली आणि दोनाचा एक दांडा झाला. नुकसान 0.01 डेसिबल. स्लीव्ह जोडावर सरकवून तापवली की झालं.

कापलेले काचेचे तुकडे मी झाकणाच्या बाटलीत टाकतो, जमिनीवर एकही नाही. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण रांगत्या लेकराच्या तळव्यात घुसले तर काढता येत नाहीत.

घाईत काम उरकायचं तर जोड न करता फास्ट कनेक्टर दाबून बसवता येतो. मी शक्यतो बसवत नाही. पहिल्या दिवशी आकडा चांगला येतो, पण आतलं टोक उन्हाळ्या-पावसाळ्यात हलतं, धूळ धरतं आणि वर्षभरात पुन्हा जावं लागतं. वीस मिनिटं वाचवून गिऱ्हाइकाचा आठवडा वाया घालवण्यात अर्थ नाही.

सेटिंग मुलीकडूनच करून घेतलं. वायफायचं नाव, मग पासवर्ड. घरच्यांचा मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवू नको, तो गल्लीत सगळ्यांना पाठ असतो, असं सांगितलं. लॅन केबल लावून वेग मोजला, 94. "दादा, प्लॅन तर 100 चा हाय ना?" तिनं विचारलं. प्रश्न बरोबर होता. या डब्याचं पोर्टच 100 मेगाबिटचं आहे, त्यातून वहनाचा खर्च वजा जाता 94 च्या आसपासच हाती येतात. डब्याच्या पाठीवर मार्करनं तारीख आणि मायनस 21.5 लिहिलं. पुढं कुणीही दुरुस्तीला आला तरी त्याला मूळ आकडा कळेल.

1.30

जेवणाचा डबा उघडला. सोबत शिकायला येणाऱ्या पोरानं विचारलं की काचेतून एवढ्या लांब प्रकाश जातोच कसा. त्याला सांगितलं, चार्ल्स काव यांनी 1966 मध्ये मांडलं की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या मळाचा आहे. किलोमीटरला 20 डेसिबलच्या आत नुकसान आणलं तर तारेतून संदेश धाडता येईल. 1970 मध्ये अमेरिकेत कॉर्निंगच्या संशोधकांनी ते गाठलं. 20 डेसिबल म्हणजे किलोमीटरभरात शंभरातला एकच हिस्सा उरणार. आजच्या काचेत तोच एक हिस्सा उरायला शंभर किलोमीटर लागतात. काव यांना त्यासाठी 2009 चं नोबेल मिळालं. पोरगा भाकर हातात धरून ऐकत राहिला.

2.15

जेवण पुरतं उरकलं नाही तोच एका पोर्टवरची निम्मी घरं एकदम गेली, शेवटचा निरोप न देता. पाण्याच्या पाइपलाइनसाठी चर खणणाऱ्या जेसीबीनं केबल ओढली.

ओटीडीआर लावला. तो प्रकाशाचा ठोका सोडतो आणि परत आलेल्या प्रकाशाच्या वेळेवरून तुटल्याचं अंतर सांगतो: 1.26 किलोमीटर. पण हे केबलीतलं अंतर आहे, रस्त्यावरचं नाही. खांबाखांबावर जादा केबलीची वेटोळी ठेवलेली असतात. ती कुठं किती आहेत हे वहीत नसेल तर माणूस शे-दीडशे मीटर पुढं जाऊन खणत बसतो. आमच्या वहीत आहेत.

जेसीबीचं बकेट केबल कापत नाही, ताणतं. काच फाटलेल्या जागेपासून काही मीटर आतही तडकलेली असते. म्हणून दोन्हीकडून चांगली केबल लागेपर्यंत मागं कापायचं आणि मध्ये नवा तुकडा घालायचा. बारा फायबर, दोन ठिकाणी जोड, म्हणजे चोवीस जोड. रंगाचा क्रम पाठ असावा लागतो: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिकट निळा. आधी कुठला रंग घ्यायचा हे मी ठरवतो. ई-सेवा केंद्र आणि दवाखाना ज्यावर आहे तो पहिला. ई-सेवेत दाखल्यासाठी माणसं कामधंदा बुडवून बसलेली असतात, त्यांची आजची मजुरी गेलेली असते.

खणणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. 2023 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आणलं, खणण्याआधी खाली काय आहे ते विचारता यावं म्हणून. पण वस्तीच्या वाटेवर चर मारणाऱ्या चालकापर्यंत ते कुणी पोचवायचं? मी त्याला केबलीची वाट पायानं चालून दाखवली, चुन्यानं रेघ मारली आणि माझा नंबर दिला. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना 2011 मध्ये मंजूर झाली, पुढं तिचं नाव भारतनेट झालं. ग्रामपंचायतीपासून वस्तीपर्यंतचं शेवटचं अंतर मात्र अशा चुन्याच्या रेघांवरच टिकतं.

5.45

जुनं ढाब्याचं घर. दगड-मातीच्या हात-दीड हात जाड भिंती, उन्हाळ्यात गारवा, आणि वायफायला बंदी. डबा पुढच्या खोलीत टीव्हीमागे, काचेच्या कपाटात. मागच्या खोलीत कुणाचंच काही चालत नाही. त्यांनी स्वतःच बाजारातून दुसरा राउटर आणून जोडला, तेव्हापासून पुढच्या खोलीतलंही अधूनमधून बंद.

कारण सापडायला वेळ लागला नाही. दोन्ही यंत्रांचा पत्ता 192.168.1.1, आणि दोन्ही आपापल्या परीनं घरातल्या मोबाइलना पत्ते वाटत होती. दुसऱ्याचा पत्ता बदलला, त्याचं डीएचसीपी बंद केलं आणि त्याला नुसता ॲक्सेस पॉइंट केला. भिंतीतून आरपार नेण्याऐवजी दाराच्या चौकटीवरून लॅन केबल मागच्या खोलीत नेली आणि तो तिथं उंच ठेवला. 5 गिगाहर्ट्झ वेगवान, पण अशा भिंतीपुढं हात टेकतं. 2.4 पलीकडे जातं, पण त्यावर शेजारपाजारचीही गर्दी. म्हणून एकाला चॅनेल 1 दिलं, दुसऱ्याला 11. आजोबांनी मागच्या खोलीतून नातवाला व्हिडिओ कॉल लावला आणि तो संपेपर्यंत आम्हाला चहा सुटला नाही.

8.30

वहीत आजचे आकडे: वस्ती मायनस 22, गावठाण मायनस 21.5, जोडलेल्या केबलीत नवा तुकडा किती मीटरचा आणि त्याची पेटी कुठल्या खांबाजवळ. तुटलेली बाजू पुन्हा ओएलटीवर पाहिली, सगळी घरं परत आलीत, फक्त एक मायनस 26 वर आहे. तिथल्या माणसाची तक्रार नाही, नेट चालू आहे. पण थोडं जरी आणखी घसरलं तर नेमकं कामाच्या वेळी बंद पडेल. उद्या पहिली गाडी त्याच्याकडे, सोबत पॅचकॉर्ड आणि स्लीव्हचं पाकीट. पोराला सांगून ठेवलंय की मशीनची बॅटरी रात्री चार्जिंगला लाव.