आजीचा आवाज कुठे ठेवाल?

बालमित्रांनो, सुट्टी लागली की तुमच्यापैकी कितीतरी जण घरची जुनी ट्रंक उघडतात. पिवळे पडलेले फोटो, पणजोबांची मोडीतली पत्रं मोबाइलवर उतरवून घेतात. कुणी वंशावळ कॉम्प्युटरवर टाइप करतं, तर कुणी आजीला समोर बसवून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करतं. शाब्बास! पण तोच मोबाइल उद्या पाण्यात पडला तर? फोटो पुन्हा काढता येतील हो, पण आजी ऐंशीची आहे.

म्हणून या फायलींची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवायची. हाच बॅकअप. आता ती ठेवायची कशावर?

आधी थोडं गणित करू. मोबाइलवरचा एक फोटो सरासरी ४ एमबीचा धरा. ५०० फोटो म्हणजे २००० एमबी, साधारण २ जीबी. एमपी-थ्री पद्धतीचं एक तासाचं रेकॉर्डिंग जवळजवळ ५८ एमबी होतं. दहा तास आजी बोलली तरी ५८० एमबी! म्हणजे सगळं मिळून ३ जीबीसुद्धा नाही. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये ते आरामात मावेल. (व्हिडिओ असतील तर मात्र हिशेब एकदम वाढतो बरं का!) तेव्हा दुकानात 'सगळ्यात मोठा कोणता?' असं विचारू नका. खरा प्रश्न वेगळाच आहे : हे किती वर्षं वाचता येईल?

याची एक मजेदार, पण डोळे उघडणारी हकिकत आहे. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाच्या हुकुमाने गावोगावच्या जमिनींची, गुराढोरांची मोठी नोंद झाली. तिचं नाव 'डूम्सडे बुक'. तिच्या ९०० वर्षांच्या निमित्ताने बीबीसीने १९८६ साली नवी नोंद तयार केली. हजारो शाळांतल्या मुलांनी, हो, तुमच्यासारख्याच मुलांनी, आपल्या गावाबद्दल लिहिलं, फोटो काढले. हे सगळं ताटाएवढ्या लेझर डिस्कवर साठवलं. पण ती वाचणारं यंत्र फारच थोड्यांकडे होतं. पंधराएक वर्षांतच चालू स्थितीतलं यंत्र मिळणं मुश्किल झालं आणि ती माहिती सोडवून घ्यायला संशोधकांना कंबर कसावी लागली. कातड्यावर शाईने लिहिलेलं जुनं बाड मात्र आजही वाचता येतं! आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं सापडतात, तीही कागदावरच.

आई-बाबांना फ्लॉपी आठवत असेल. तिच्यात जेमतेम १.४४ एमबी माहिती मावायची, म्हणजे आजचा एक फोटोही नाही. सीडीत ७०० एमबी मावतात, पण तिच्यावर ओरखडे पडतात, उन्हाने तिचा रंगथर खराब होतो, आणि हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. घरात जुन्या सीडी पडल्या असतील, तर त्यांतलं सामान आधी बाहेर काढा.

पेनड्राइव्ह हरवायला फार सोपा! त्यात माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं नुसता कपाटात पडून राहिला, तर तो भार हळूहळू गळतो. नेआण करायला उत्तम, कायमच्या ठेवीला नाही. पोर्टेबल हार्डडिस्क स्वस्त पडते, मावतंही भरपूर. पण आत तबकडी गरगर फिरत असते. तिच्यावरून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावरून वाचक-टोक सरकतं. चालू असताना टेबलावरून पडली की संपलं! तरीही घरच्या मुख्य प्रतीसाठी मी हिचंच नाव सांगेन. फक्त तिला लाडाने वागवा.

पालकहो, एक सावधगिरी. अगदी स्वस्तात 'दोन टीबी'चा पेनड्राइव्ह कुणी देत असेल, तर घेऊ नका. असे नकली ड्राइव्ह जास्त जागा दाखवतात आणि प्रत्यक्षात फायली बिघडवतात. खरेदी झाल्यावर ड्राइव्ह भरून बघा आणि शेवटच्या फायली उघडून पाहा.

आता सोपा नियम : ३-२-१. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. घराबाहेर कशाला? २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या घरात तीन प्रती एकाच कपाटात असत्या, तर तिन्ही भिजल्या असत्या! एक डिस्क मामाकडे द्या, किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात ठेवा. मात्र तिथे पासवर्ड मोठ्यांच्या हाती असू द्या आणि खातं अधूनमधून उघडत जा. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसू शकतं.

दरवर्षी एकदा, समजा दिवाळीच्या साफसफाईला, डिस्क जोडून चार फायली उघडा. पाच-सात वर्षांनी सगळं नव्या साधनावर हलवा. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल हवीच : फोटो कुठला, कोणत्या साली काढलेला, मागच्या रांगेत डावीकडून तिसरी कोण. ते सांगायला आजी आहे, तोवर विचारून घ्या.