स्विस आर्मी चाकू

स्विस आर्मी चाकू हा एकाच मुठीत अनेक पाती व लहान अवजारे घडी करून बसविलेला खिशात बाळगण्याचा चाकू आहे. स्वित्झर्लंडच्या सैन्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेल्या सैनिकी चाकूपासून तो विकसित झाला. लाल मुठीवर ढाल आणि क्रूस हे चिन्ह असलेला त्याचा नागरी प्रकार जगभर परिचित असला, तरी सैनिकांना प्रत्यक्षात दिला गेलेला चाकू लाल नव्हता. सुरुवातीला त्याची मूठ काळपट लाकडाची होती आणि पुढे ती अ‍ॅल्युमिनियमची झाली. जर्मन भाषेत नागरी प्रकाराला ‘श्वाइत्सर ओफित्सिअर्समेसर’ म्हणजे ‘स्विस अधिकाऱ्याचा चाकू’ असे म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात असलेल्या अमेरिकी सैनिकांनी हे चाकू मोठ्या संख्येने मायदेशी नेले. त्यांना हे जर्मन नाव उच्चारणे जड जाई, म्हणून ‘स्विस आर्मी’ हे सुटसुटीत नाव रूढ झाले.

इतिहास

इ.स. १८८९ मध्ये स्विस सैन्याने श्मिट-रुबिन ही नवी बंदूक स्वीकारली. ती उघडून साफ करण्यासाठी सैनिकाजवळ पेचकस असणे आवश्यक झाले. शिधा डबाबंद येऊ लागल्याने डबा उघडण्याचे साधनही हवे होते. पाते, आरी, डबा उघडणी आणि पेचकस ही चार अवजारे एकत्र असलेला चाकू ‘नमुना १८९०’ म्हणून निश्चित झाला. मात्र एवढ्या मोठ्या संख्येने चाकू करू शकणारा एकही कारखाना तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये नव्हता. त्यामुळे पहिली मागणी जर्मनीतील झोलिंगेन या पातेकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी नोंदविली गेली.

कार्ल एल्सेनर या कारागिराने इ.स. १८८४ मध्ये श्वीत्स परगण्यातील इबाख या गावी आपली कार्यशाळा उघडली होती. हा परगणा तेव्हा गरीब होता आणि कामाअभावी तेथील तरुण देशांतर करीत. आपल्या सैन्याचा चाकू आपल्याच देशात व्हावा आणि गावातील हातांना काम मिळावे, या हेतूने एल्सेनर यांनी देशातील इतर चाकू-कारागिरांना एकत्र आणले आणि इ.स. १८९१ मध्ये सैन्याला पहिले चाकू पुरविले. झोलिंगेनचे कारखाने मात्र यंत्रांच्या बळावर तोच चाकू स्वस्तात देत होते. सोबतचे कारागीर एकेक करून बाहेर पडले, एल्सेनर कर्जबाजारी झाले आणि नातेवाइकांच्या मदतीने कसेबसे तगले.

या अडचणीतून त्यांना वर काढले ते दुसऱ्याच चाकूने. सैनिकी चाकू दणकट असला तरी जड होता. एल्सेनर यांनी अधिकाऱ्यांसाठी हलका आणि देखणा चाकू तयार केला व १२ जून १८९७ रोजी त्याची नोंदणी केली. त्यात एक लहान पाते आणि बूच काढण्याचा मळसूत्री स्क्रू यांची भर होती. सैन्याने हा चाकू अधिकृतपणे कधीच स्वीकारला नाही. बुचाचा स्क्रू युद्धोपयोगी नाही, हे उघडच होते. अधिकारी तो स्वखर्चाने विकत घेत.

इ.स. १९०९ मध्ये आईच्या निधनानंतर एल्सेनर यांनी तिचे ‘व्हिक्टोरिया’ हे नाव आपल्या उद्योगाला दिले. इ.स. १९२१ मध्ये न गंजणारे पोलाद वापरात आले, तेव्हा त्या पोलादाच्या ‘इनॉक्स’ या फ्रेंच संज्ञेची जोड मिळून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हे नाव सिद्ध झाले. फ्रेंचभाषक जुरा प्रदेशातील वेंगर हा दुसरा पुरवठादार होता. प्रादेशिक कुरबुरी टाळण्यासाठी शासनाने इ.स. १९०८ पासून सैन्याची मागणी दोघांत निम्मी निम्मी वाटली. ही विभागणी जवळजवळ शतकभर टिकली. इ.स. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली.

रचना

या चाकूचे मर्म त्याच्या स्प्रिंगमध्ये आहे. मुठीच्या दोन बाजूंमध्ये धातूच्या पातळ पट्ट्या असतात. प्रत्येक दोन पट्ट्यांमधील थरात पाठीच्या बाजूने एक पोलादी स्प्रिंग बसविलेली असते. पात्याचे बूड चौकोनी घडविलेले असते. पाते उघडले की बुडाची सपाट बाजू स्प्रिंगवर टेकते आणि पाते ‘टक्’ असा आवाज करून स्थिर होते. मिटतानाही तीच स्प्रिंग पात्याला आत ओढून घेते. एल्सेनर यांनी हीच स्प्रिंग मुठीच्या पाठीवरील अवजारांनाही आधार देईल अशी योजना केली. त्यामुळे सहा अवजारांना दोनच स्प्रिंगा पुरल्या आणि चाकूची जाडी वाढली नाही. पुढील काळात कात्री, करवत, कानस, चिमटा, दातकोरणे अशी भर पडत गेली, तरी तत्त्व तेच राहिले. संग्राहकांसाठी वेंगरने ८७ अवजारांचा चाकूही काढला. तो कोणाच्याही खिशात मावणारा नाही आणि त्याला चाकू म्हणावे की कपाट, हा प्रश्नच आहे.

दैनंदिन वापराच्या दृष्टीने इ.स. १९६१ चा सैनिकी नमुना सर्वांत समतोल मानावा लागेल. मिटलेल्या स्थितीत त्याची लांबी ९३ मिलिमीटर असून त्यात मोठे पाते, आरी, डबा उघडणी आणि टोकाला रुंद पेचकस असलेली बाटली-उघडणी एवढेच असते. डबा उघडणीच्या अणकुचीदार टोकाने लहान स्क्रूही फिरविता येतात. बाटली-उघडणीच्या मुळाशी असलेल्या खाचेने विजेच्या तारेवरील आवरण सोलता येते. आरीने पट्ट्याला भोक पाडता येते. अ‍ॅल्युमिनियमची खरबरीत मूठ ओल्या हातातूनही सहसा निसटत नाही. हा नमुना सैन्यात इ.स. २००८ पर्यंत चालला. त्यानंतर आलेला १११ मिलिमीटरचा हिरवा चाकू एका हाताने उघडतो आणि त्याचे पाते उघडल्यावर अडकून राहते.

मर्यादा आणि निगा

जुन्या नमुन्यांत पाते केवळ स्प्रिंगच्या दाबावर उभे असते, त्याला अडकण नसते. त्यामुळे धारेच्या दिशेने कापणे सुरक्षित असले, तरी टोकाने भोसकल्यास किंवा पाठीवर दाब दिल्यास पाते बोटांवर मिटू शकते. अशा जखमेचे कारण चाकू नसून ही चूक असते.

पात्याचे पोलाद मुद्दाम मध्यम कठीण, सुमारे ५६ रॉकवेल इतके ठेवलेले असते. त्यामुळे धार लवकर बोथट होते, पण साध्या दगडावर काही मिनिटांत परत येते. दगडाशी पात्याचा कोन प्रत्येक बाजूस १५ ते २० अंश ठेवतात. फळांचा रस किंवा खिशातील धूळ सांध्यांत साचून अवजारे जड उघडू लागल्यास चाकू कोमट पाण्यात धरून प्रत्येक अवजार अनेकदा उघड-मीट करतात आणि पूर्ण कोरडा झाल्यावर सांध्यांत तेलाचा एकेक थेंब सोडतात.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर विमानाच्या प्रवासी कक्षात चाकू नेण्यास जगभर बंदी आली. विमानतळांवरील दुकानांतून होणारी मोठी विक्री त्यामुळे एकाएकी थांबली. त्या काळात व्हिक्टोरिनॉक्सने कामगार कमी न करता काहींना परिसरातील इतर उद्योगांकडे तात्पुरते कामाला पाठविले. भारतातही हा चाकू हातातील सामानात नेता येत नाही. तो नोंदविलेल्या सामानातच ठेवावा लागतो.