थंडीनं चिप जात नाही

“साहेब, थंडीनं आयसी गेली, नवीन पाठवा.” शीतगृहांचे कंट्रोलर दुरुस्त करण्याच्या कामात हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. प्रसंगही सारखाच असतो. उणे 20 अंशांची कोल्ड रूम, रात्री वीज जाऊन आलेली आणि कंट्रोलर गप्प. मेकॅनिक बोर्ड काढून बाहेर आणतो, मायक्रोकंट्रोलर बदलतो, बोर्ड सुरू होतो आणि निदान पक्कं होतं. पुढच्या वेळी वीज गेली की तोच बोर्ड पुन्हा अडतो. अशा काढून टाकलेल्या चिपा मी मागवून घेतो आणि तपासतो. बहुतेक ठणठणीत निघतात.

मग बोर्ड सुरू कसा झाला? बाहेर आणल्यावर तो 30 अंशांवर आला, कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज निघून गेला, सोल्डरिंग करताना आणखी ऊब मिळाली. चिप न बदलता तो तासभर नुसता टेबलावर ठेवला असता, तरी सुरू झाला असता. हे करून बघायला एक पैसाही लागत नाही. तरी कुणी बघत नाही, याचा मला राग येतो.

या गैरसमजाच्या मुळाशी ‘थंडीत चिप गारठते’ ही कल्पना आहे. सिलिकॉनला थंडीचं वावडं नाही. तापमान उतरतं तशी ट्रान्झिस्टरमधली गळती कमी होते आणि विद्युतभार वाहून नेणाऱ्या कणांची हालचाल सोपी होते. जेम्स वेब दुर्बिणीतल्या ‘मिरी’ या उपकरणाचे सिलिकॉन संवेदक उणे 266 अंशांच्या आसपास काम करतात. ती खास रचना आहे हे खरं. पण बाजारात मिळणारे साधे प्रोसेसरही द्रवरूप नायट्रोजननं थंड करून विक्रमी वेगानं चालवले जातात. हा छंद असलेल्यांना एक गोष्ट चांगली माहीत आहे: काही प्रोसेसर अतिथंडीत व्यवस्थित चालतात, पण त्याच तापमानाला बंद करून पुन्हा चालू केले तर उठत नाहीत. त्यांना थोडं गरम करून चालू करायचं आणि मग थंड करायचं. चालणं आणि सुरू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या कोल्ड रूममधला बिघाडही सुरू होण्याचाच असतो.

वीज आली की चिपचं व्होल्टेज शून्यावरून चढू लागतं. ते पुरेसं होऊन स्थिरावेपर्यंत आणि क्लॉक नीट ठोके देऊ लागेपर्यंत चिपला रिसेटमध्ये धरून ठेवावं लागतं. ही पकड लवकर सुटली किंवा बसलीच नाही, तर रजिस्टरांत काहीबाही भरतं आणि प्रोग्रॅम भलतीकडून सुरू होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, चिप मेली.

थंडी इथे चिपच्या शेजाऱ्यांमार्फत घुसते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्रव घट्ट होतो. त्याचा अंतर्गत रोध कित्येक पटींनी वाढतो आणि धारिता घटते. पॉवर सप्लायच्या तोंडाशी असलेल्या एनटीसी थर्मिस्टरचा रोध 25 अंशांच्या तुलनेत उणे 20 ला पाच-सहा पट होऊ शकतो. परिणामी सप्लाय रेंगाळत चढतो किंवा चढून कोसळतो आणि पुन्हा चढतो.

आता आपल्याकडची लाडकी रिसेट जोडणी घ्या: 8051 च्या रिसेट पिनवर 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 8.2 किलोओहमचा रेझिस्टर. तिचा कालस्थिरांक 82 मिलिसेकंद. सप्लाय झटकन चढला तर ती उत्तम काम करते. पण 5 व्होल्टपर्यंत पोहोचायला अर्धा सेकंद लागला, तर रिसेट पिनवर जास्तीत जास्त 0.8 व्होल्ट येतात. एवढ्यानं रिसेट होतच नाही. ही जोडणी सप्लायचं व्होल्टेज मोजत नाही, तो झटकन चढेल असं गृहीत धरते. थंडीत ते गृहीतक कोसळतं.

“पण आमच्या चिपमध्ये आतच पॉवर-ऑन रिसेट आहे,” असं उत्तर मिळतं. डेटाशीट उघडा. पिक 16एफ877ए च्या डेटाशीटमध्ये हा अंतर्गत रिसेट खात्रीनं मिळण्यासाठी व्होल्टेज दर मिलिसेकंदाला किमान 0.05 व्होल्टनं चढलं पाहिजे, अशी अट आहे. म्हणजे 5 व्होल्ट 100 मिलिसेकंदांत. एटीमेगा8 च्या डेटाशीटमध्ये तळटीप आहे की व्होल्टेज आधी ठराविक पातळीच्या खाली उतरलं नसेल, तर हा रिसेट काम करणार नाही. थंडीत गळती कमी, म्हणून कपॅसिटर रिकामे व्हायला जास्त वेळ लागतो. वीज दोन सेकंद जाऊन आली, सप्लायवर थोडं व्होल्टेज उरलं, रिसेट बसला नाही. चिपनं काहीही चूक केली नाही. तिची लेखी अट आपण पाळली नाही.

तपासायचं कसं? बोर्ड सिलिका जेलसह बंद पिशवीत घालून, वायरी बाहेर काढून, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. ऑसिलोस्कोपचा एक प्रोब सप्लायवर, दुसरा रिसेट पिनवर. पहिल्यांदा पूर्ण थंड बोर्ड चालू करा, मग एक, दोन, पाच सेकंद बंद ठेवून पुन्हा चालू करा आणि दोन्ही रेषा बघा. नंतर फ्रीझ स्प्रे एकेका भागावर मारा: आधी सप्लायचे कपॅसिटर, मग क्रिस्टल, शेवटी चिप. उपायही महाग नाही. मॅक्स809 सारखी तीन पिनांची सुपरव्हायझर आयसी व्होल्टेज प्रत्यक्ष मोजते आणि ते पुरेसं झाल्यावरही किमान 140 मिलिसेकंद रिसेट धरून ठेवते. सप्लायवर एक ब्लीडर रेझिस्टर लावा म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल.

आणखी काही समज, थोडक्यात:

“प्रोग्रॅममध्ये डिले टाका.” चिप नीट सुरू झाल्याशिवाय डिलेची ओळ चालतच नाही.

“मल्टिमीटरवर 5 व्होल्ट दिसतात.” 20 मिलिसेकंदांची घसरण मल्टिमीटरला दिसत नाही.

“इंडस्ट्रियल ग्रेडची चिप टाकली.” उणे 40 ते 85 अंशांची हमी त्या चिपपुरती आहे, शेजारच्या कपॅसिटरची नाही. मात्र 0 ते 70 अंशांची कमर्शियल चिप उणे 20 ला वापरली असेल, तर ती चूक डिझाइन करणाऱ्याची.

“डिस्प्ले मंद झाला, म्हणजे प्रोसेसर अडकला.” एलसीडीतला द्रव थंडीत सावकाश हलतो, इतकंच.

“घड्याळ मागे पडतं, म्हणजे रिसेट होतंय.” 32.768 किलोहर्ट्झचा क्रिस्टल उणे 20 अंशांना दिवसाला सुमारे 6 सेकंद मागे पडतो. हा त्याचा स्वभाव आहे.

माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी थंडीत बोर्ड उठला नाही, तर सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी रिसेट पिनवर प्रोब लावा. चिपला दोष द्यायचा असेल, तर तिची पहिली 200 मिलिसेकंदं आधी डोळ्यांनी बघा.