समुपदेशक एक, डोळे अनेक

आपल्या धर्मग्रामातील शाळेत समुपदेशक आहेत काय, असे विचारले की पुष्कळदा उत्तर मिळते, “आहेत ना! मूल्यशिक्षणाचा तास त्याच घेतात.” हे ऐकून आम्ही अस्वस्थ होतो. मूल्यशिक्षणात शिक्षक बोलतात. समुपदेशनात मूल बोलते. (उपदेशाची सवय आम्हा धर्मगुरूंच्या अंगी इतकी मुरलेली, की हा भेद आम्हांलाही उशिराच उमगला.)

विशाखापट्टणम येथे नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशातील शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद न्यायालयापुढे होती. १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजसेवक असावा आणि त्याहून लहान शाळांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, असे त्यांत म्हटले आहे. त्याच निकालात आणखी एक अट आहे. शिक्षक व शिक्षकेतर अशा सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. आमच्या मते तीच अधिक मोलाची आहे.

कारण दुःखात असलेले मूल आपणहून समुपदेशकाच्या दारी क्वचितच जाते. डबा न उघडता परत नेणारा मुलगा मावशींना दिसतो. ऐन उन्हाळ्यात लांब बाह्यांनी हात झाकणारी मुलगी खेळाच्या शिक्षकांना दिसते. जपलेल्या वस्तू अचानक वाटून टाकणारे मूल शिपाईमामांच्या ध्यानात येते. अशी प्रत्येक गोष्ट गंभीर असतेच असे नाही. पण ती कोणाला सांगायची, हे त्यांना ठाऊक हवे. मुलाचे शांतपणे ऐकावे, धोका वाटल्यास त्याला एकटे सोडू नये आणि लगेच समुपदेशकांना कळवावे, एवढे प्रशिक्षणात शिकता येते. जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे सरळ विचारल्याने तो विचार पेरला जात नाही. उलट बोलण्याची वाट मोकळी होते.

पालकांची एक शंका रास्त आहे: मुलाने सांगितलेले गुप्त राहील ना? पापनिवेदनाची गुप्तता कोणत्याही कारणाने मोडता येत नाही. समुपदेशकाचे तसे नसते. जिवाला धोका असेल, तर जबाबदार व्यक्तींना सांगावेच लागते. लैंगिक अत्याचार समजल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ही मर्यादा मुलाला पहिल्याच भेटीत सांगायची असते. एरवी मात्र त्याचे बोलणे शिक्षकांच्या खोलीत चर्चेला येता कामा नये. म्हणूनच गुण देणाऱ्या शिक्षकांवर हे काम सोपवू नये आणि शिक्षा म्हणून तर कोणालाही समुपदेशकाकडे धाडू नये.

शाळा बंद असताना टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध असतो. तेथे मराठीतही बोलता येते. तो मुलांच्या दैनंदिनीत छापून घ्यावा. आणि येत्या पालकसभेत निकालाच्या टक्केवारीआधी मुख्याध्यापकांना विचारावे, की शिपाई, मावशी व बसचालक यांचे शेवटचे प्रशिक्षण कोणत्या तारखेला झाले?