हिवतापाच्या जंतूत वनस्पतीचा अंश

बटाटे चार-आठ दिवस ओट्यावर उजेडात राहिले की साल हिरवी पडते. हे का होते, असे वर्गात विचारले तर ‘बटाटा कच्चा असतो’ हे उत्तर हमखास मिळते. पण बटाटा कच्चा नसतो. त्याच्या पेशींत पिष्ट साठवणाऱ्या बारीक पिशव्या असतात. त्यांना लवके म्हणतात. अंधारात ती रंगहीन असतात, उजेड मिळाला की त्यांत हरितद्रव्य तयार होते आणि त्यांचीच हरितलवके बनतात. टोमॅटो आणि मिरची पिकताना याच्या उलट घडते. हिरवी लवके हरितद्रव्य सोडतात आणि लाल रंग भरून घेतात.

(माता-भगिनींसाठी एक सूचना: बटाट्याचा हिरवा रंग स्वतः घातक नाही, पण त्याच उजेडाने सोलानिन नावाचे विषही वाढते आणि ते उकळून जात नाही. हिरवा भाग जाडसर कापून टाकावा. बटाटा फार हिरवा असेल किंवा कडू लागला तर तो सालनात घालूच नये.)

लवके वनस्पती आणि शैवालांत असतात, जीवाणूंत नसतात, एवढे मुले पाठ करतात. परीक्षेला ते पुरते. मात्र भातखाचरातल्या साचलेल्या पाण्यात नील-हरित जीवाणू राहतात. जुनी पुस्तके त्यांना नील-हरित शैवाल म्हणतात. सूर्यप्रकाशावर ते आपले अन्न करतात, ऑक्सिजनही सोडतात, पण त्यांच्यात हरितलवक नसते. मग हे काम ते कसे करतात?

याचे उत्तर विलक्षण आहे. हरितलवक हाच मुळात एक नील-हरित जीवाणू होता. शंभर कोटी वर्षांहूनही आधी एका मोठ्या पेशीने त्याला गिळले, पण पचवले नाही. तो आत राहिला, वाढला, पुढच्या पिढ्यांत गेला. रशियन शास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की यांनी 1905 मध्ये ही कल्पना मांडली, पण ती बराच काळ बाजूला पडली. 1967 मध्ये अमेरिकेच्या लिन मार्ग्युलिस यांनी ती नव्याने मांडली. हरितलवकाला स्वतःचा डीएनए असल्याचे तोवर दिसू लागले होते. 1986 मध्ये जपानी संशोधकांनी तंबाखूच्या हरितलवकाचा सगळा डीएनए वाचला. तो जेमतेम दीड लाख अक्षरांचा निघाला, कारण मूळ जीवाणूची बहुतेक जनुके केव्हाच पेशीच्या केंद्रकात गेली आहेत. आता हरितलवक बाहेर जगू शकत नाही. पण पेशीलाही ते शून्यातून घडवता येत नाही. जुने लवक दुभंगते, तेव्हाच नवे होते.

हे सारे झाडापानांपुरते असते तर मी एवढे लिहिले नसते. 1990 च्या दशकात शास्त्रज्ञांना हिवतापाच्या, म्हणजे मलेरियाच्या, परजीवीत एक लवक सापडले. डास चावल्यावर आपल्या रक्तात शिरणाऱ्या जंतूला सूर्यप्रकाशाचे काय काम? काम काहीच नाही, त्या लवकात हरितद्रव्यही नाही. या परजीवीच्या पूर्वजाने कधीकाळी एक शैवाल गिळले होते, बहुधा लाल शैवाल, आणि त्या शैवालाच्या पोटात आधीच लवक होते. गिळणाऱ्याला गिळले, असा हा प्रकार. म्हणून झाडाच्या हरितलवकाभोवती दोन पटले असतात, तर याच्याभोवती चार. प्रकाशाचे काम सुटले, तरी जंतूला लागणारी काही रसायने तिथेच तयार होतात. त्यामुळे लवक बिघडले की जंतू मरतो.

डॉक्सिसायक्लिन हे जीवाणूंवरचे प्रतिजैविक मलेरियावर का चालते, याचा उलगडा त्यातून झाला. जीवाणूंची प्रथिने बनवणारी यंत्रणा ते रोखते, आणि लवकाची यंत्रणा अजून जीवाणूंच्याच घराण्यातली आहे. मात्र परिणाम सावकाश होतो. औषध घेताना असलेले जंतू वाढत राहतात, मरते ती त्यांची पुढची पिढी. म्हणून ताप चढलेल्या रुग्णाला ते एकटे देत नाहीत, क्विनाइनसारख्या लवकर काम करणाऱ्या औषधासोबत देतात. आठ वर्षांखालील मुलांना आणि गरोदर स्त्रियांना डॉक्टर ते सहसा टाळतात, तेव्हा घरात उरलेली गोळी कुणाला परस्पर देऊ नका.