वजन वाढलं की तब्येत सुधारली?

एचआयव्हीसोबत जगताना : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण गोळ्यांच्या वेळांबद्दल बोललो. आज वजनकाट्याबद्दल. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या, केंद्रात दर भेटीला वजन केलं जातं आणि पांढऱ्या कार्डावर नोंदलं जातं. लखनौच्या जानकीपुरममधला रुग्ण किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या केंद्रात जावो, नाहीतर जतचा रुग्ण सांगलीच्या सिव्हिलमध्ये; राष्ट्रीय कार्यक्रम एकच, त्यामुळे वजनाची नोंदही दोन्हीकडे होते. मात्र तोच आकडा उपचाराच्या पहिल्या वर्षी एक सांगतो आणि पाचव्या वर्षी दुसरंच.

उपचार नसताना हा विषाणू माणसाला खंगवतो. शरीर सतत संसर्गाशी झुंजत असल्यानं नुसतं बसून राहिलं तरी जास्त ऊर्जा जळते. त्यात जुलाब, ताप, तोंडातली बुरशी आणि गेलेली भूक. १९८५ साली युगांडातल्या रुग्णांविषयीचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला, तेव्हा तिथले गावकरी या आजाराला ‘स्लिम’च म्हणत होते. ५४ किलोच्या बाईचं वजन काही न करता ४८ वर आलं, तर ती घट ११ टक्के होते. दहा टक्क्यांपेक्षा जास्त घट आणि सोबत महिनाभराहून अधिक काळ ताप किंवा जुलाब, हे आजार बराच पुढे गेल्याचं लक्षण मानतात.

गोळ्या सुरू झाल्या की विषाणू दबतो, भूक परतते, गेलेलं मांस पुन्हा अंगावर चढतं. ही वाढ बहुतेक पहिल्या वर्षात होते आणि ज्याची सीडी४ (संसर्गाशी लढणाऱ्या पेशींची) संख्या सुरुवातीला फार खाली होती, त्याच्यात ती जास्त दिसते. हिला खुशाल तब्येत सुधारली म्हणावं.

पण गोळ्यांनी शरीराचा आकार बिघडवण्याचाही एक काळ होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी दरात देऊ केला. पाश्चात्त्य देशांत त्याच उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक लागत होते. त्या स्वस्त गोळीनं असंख्य जीव वाचवले. पण तिच्यात स्टॅव्ह्यूडिन होतं. १ एप्रिल २००४ पासून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह देशातल्या मोजक्या केंद्रांत मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हाही हे औषध वापरात होतं. ते चरबीच्या पेशींतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बिघडवायचं. गाल बसायचे, हातापायांच्या शिरा वर यायच्या, नितंब सपाट व्हायचे. काहींचं पोट मात्र सुटलेलं असायचं. काट्यावर वजन ठीक, पण चेहरा पाहून शेजारीपाजारी कुजबुजायचे. काहींनी त्या कुजबुजीला भिऊन गोळ्या सोडल्या. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं हे औषध टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं.

आज आपल्याकडे बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्ह्यूडिन आणि डोल्युटेग्राविर अशी एकत्र गोळी मिळते. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत तिलाच पहिली पसंती आहे. ती विषाणूला झपाट्यानं दाबते, गाल बसवत नाही. तक्रार आता उलटी आहे : वजन वाढतच राहतं. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘अ‍ॅडव्हान्स’ चाचणीत १०५३ रुग्ण होते. ४८ आठवड्यांनंतर डोल्युटेग्राविरसोबत टेनोफोविरचा जुना प्रकार घेणाऱ्यांचं वजन सरासरी सुमारे ३ किलोंनी वाढलं, नवा प्रकार घेणाऱ्यांचं सुमारे ६ किलोंनी. जुन्या एफाव्हिरेन्झवाल्या गटात वाढ सर्वांत कमी होती. बायकांमध्ये ती पुरुषांपेक्षा जास्त दिसली.

याचं कारण पूर्ण उलगडलेलं नाही, पण एक धागा हाती आहे. एफाव्हिरेन्झ आणि टेनोफोविरचा जुना प्रकार ही औषधं वजन थोडं दाबून ठेवतात. ती बदलली की तो लगाम सुटतो. म्हणजे सगळा दोष नव्या गोळीच्या माथी मारता येत नाही. बैठं काम, तळलेलं खाणं आणि वाढतं वय आपापला वाटा उचलतातच.

त्यात आपल्या लोकांची एक अडचण. भारतीयांत तेवढ्याच वजनाला पोटावरची चरबी जास्त असते. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. त्यापुढे मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि एचआयव्ही असलेल्यांना हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त असतो.

तरी अनेकांना वजन कमी करायची भीती वाटते. बारीक झालो तर लोकांना संशय येईल, हा धसका जुना आहे. त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं : रोज भरभर चालून, भात-साखर आवरून आणि ताटात डाळ, उसळ, अंडी वाढवून हळूहळू उतरलेलं वजन वेगळं, काही न करता आपोआप उतरलेलं वेगळं. दुसऱ्या प्रकारात पहिली शंका क्षयाची घ्यायची. सोबत खोकला, ताप किंवा रात्रीचा घाम असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता केंद्रात जायचं.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते एआरटीच्या डॉक्टरांना जरूर सांगा; डोल्युटेग्राविरमुळे रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं, म्हणून त्याचा डोस मर्यादित ठेवावा लागतो. जाहिरातीतली वजन उतरवणारी चूर्णं परस्पर सुरू करू नका.

आणि वजन वाढतंय म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. ती थांबली की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा उसळतो. वजन खाण्यानं आणि चालण्यानं आवरता येतं, गरज पडली तर डॉक्टर औषधही बदलतात. पुढच्या भेटीला कमरेचं माप मोजून न्या आणि गेल्या वर्षीचं वजन कार्डावरून वाचून दाखवायला सांगा. विचारायला संकोच वाटत असेल, तर १०९७ हा मोफत मदत-क्रमांक आहे.